आर्टिस्ट स्टेटमेंट लिहायच्या आधी तोंडाने सांगून पाहा

आमच्या यवतमाळकडच्या पोरांना मुंबई-पुण्याच्या चित्रप्रदर्शनाचा फॉर्म भरायचा असला की फोटो होतात, बायोडाटा होतो आणि गाडी अडते ती आर्टिस्ट स्टेटमेंटवर, म्हणजे आपण काय काम करतो, कसं अन् का करतो हे सांगणाऱ्या छोट्या टिपणावर. मग मोबाईलवरून उचलून 'मानवी अस्तित्वाच्या वेदनेचा अमूर्त शोध' वगैरे लिहून मोकळे. असं वाक्य कुणाच्याही चित्राखाली खपतं, मग तुमचं काय राहिलं त्यात?

परवा बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी करणारा एक पोरगा आला होता. सोयाबीनच्या पोत्यांच्या बारदानावर वावरातली काळी माती डिंकात कालवून थापतो अन् उन्हात ठेवतो, काम इतकं जबरदस्त की हात लावून पाहावंसं वाटतं. स्टेटमेंटमध्ये मातीचं नावच नाही! मी म्हटलं, कागद ठेव बाजूला, ह्या भेगा कशा काढल्या ते सांग. तर म्हणे, "म्या कुठी काढल्या सर, माती वाळली का आपोआप पडते. डिंक जास्त झाला का बारीक पडते, कमी झाला का ढेकूळच निंघते."

आता आपल्याकडची काळी माती चिकण, पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे आपल्याला माहीत आहे, पण गॅलरीत बसून अर्ज वाचणाऱ्याला कसं माहीत असणार? तेच लिहायचं ना. 'भेगा माती पाडते, मी फक्त डिंक किती घालायचा ते ठरवतो', झाली पहिली ओळ.

मग विचारलं, हीच माती काहून? थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणे आजोबांचं वावर रोडमध्ये गेलं, त्याआधी काही पोती माती घरी आणून ठेवली, ती संपली का हे काम संपलं. हे घरचं आहे म्हणून त्याने लिहिलं नव्हतं! अरे, अख्ख्या सिरीजचं कारण हेच आहे.

पण घरचं सगळंच घालायचं असंही नाही, जे कामात दिसतं तेवढंच. गडचिरोलीकडच्या वडसा भागातल्या एका पोरीचे वडील झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचे पडदे रंगवतात. तिचे मोठमोठे सपाट रंग लांबून, लाइटमध्ये पाहायचे असतात, ते तिथूनच आले, म्हणून वडील स्टेटमेंटमध्ये हवेतच. शिक्षण, बक्षिसं, प्रदर्शनं मात्र बायोडाट्यात.

साधारण शंभर ते दोनशे शब्द पुरतात, 'मी' म्हणून लिहा, आणि सिरीज बदलली की स्टेटमेंटही बदला, जुनंच चिकटवू नका. लिहिता येत नसेल तर काकूला नाहीतर मित्राला काम दाखवत बोला, मोबाईलवर रेकॉर्ड करा अन् तेच उतरवून काढा, इंग्रजीत करायचं ते सगळ्यात शेवटी. आणि चित्राखाली नुसतं 'मिक्स मीडिया' (म्हणजे वेगवेगळं साहित्य मिसळून केलेलं) नका लिहू, सरळ काळी माती, डिंक, बारदान असं लिहा.