सरोवर ढवळलेलं, मग क्षार खालीच कसे?

बर्फ वितळून आठवडा झाला होता. डोंगरमाथ्यावरच्या त्या सरोवरात होडीतून तापमापक सोडला. पृष्ठभागावर ३.८ अंश, वीस मीटरवर ३.९, चाळीस मीटरवर तळाशीही ३.९. पाणी ४ अंशांच्या आसपास सर्वांत जड असतं. म्हणून हिवाळ्यात बर्फालगतचं थंड पाणी वर राहतं आणि ४ अंशांचं खाली. वसंतात वरचं पाणी तापत तिथवर आलं की वजनातला फरक मिटतो आणि वारा अख्खं सरोवर ढवळून काढतो. तो दिवस नेमका सापडला, याचा मला फार आनंद झाला.

काठावरच्या तंबूत नमुने तपासायला घेतले. पाच मीटरवरच्या पाण्याची वाहकता, म्हणजे त्यातून वीज किती सहज वाहते ते माप, ८ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर. विरघळलेले क्षार जास्त, तितकी वाहकता जास्त. नळाच्या पाण्याची सहसा शेकड्यांत असते! पण दहा मीटरला ११, वीसला १४, तळाला १८. सहकारी म्हणाला, "खाली खनिजांचा झरा असणार." क्षणभर मलाही पटलं. पण तापमानाची नोंद समोरच होती, विरघळलेला ऑक्सिजनही वर-खाली सारखाच होता. पाणी तळापर्यंत मिसळलंय, मग क्षार तेवढे खाली कसे राहिले?

मग आठवलं. पहिल्या नमुन्याची वाहकता आधी घेतली होती, पुढे घाईत पीएच (आम्लतेचं माप) आधी घेतला, त्याच बीकरमध्ये. इतक्या शुद्ध पाण्यात आयन, म्हणजे क्षारांचे विद्युतभारित कणच थोडे, त्यामुळे पीएचचा आकडा स्थिरावत नाही. प्रत्येक वेळी मी इलेक्ट्रोड आणखी वेळ बुडवून ठेवत होतो, आणि त्यात भरलेलं पोटॅशियम क्लोराइड या क्षाराचं द्रावण नमुन्यात झिरपत होतं. शंभर मिलिलिटर पाण्याची वाहकता १० ने वाढायला ३ मोलर द्रावणाचे सव्वादोन मायक्रोलिटर पुरतात. म्हणजे थेंबाचा साधारण विसावा भाग.

बाटल्यांत उरलेलं पाणी स्वच्छ बीकरांत घेतलं, आधी वाहकता मोजली. सगळीकडे ८. पीएचसाठी वेगळा नमुना, तोही झाकून, कारण अशा पाण्याचा पीएच हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही हलतो.

उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा गेलो. वर १४ अंश, तळाशी ५. तापलेला हलका थर वर बसलेला, आणि तळाच्या गाळात सेंद्रिय पदार्थ कुजल्याने तिथला पीएच उतरलेला. वाहकता वर ८, तळाशी १०. दोनचा फरक. वेगवेगळ्या बाटल्यांतून तीनदा मोजला. तिन्ही वेळा १०.