तुम्ही विचारलंत म्हणून: मान तुटलेली गिटार मी अजून का वाजवते

"तुमची स्वतःची गिटार दोन लाखांची. तिची मान तुटली, तरी सांधून तीच वाजवता. मग आमच्या मुलीला पस्तीस हजारांची घ्या असं का सांगता?"

हा प्रश्न मला गेली कितीतरी वर्षं कोणी ना कोणी विचारतंय. शनिवारी शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील विचारतात, ऑफिसमधले विचारतात, मागच्या गणपतीत कार्यक्रम संपवून मांडवामागे केबल गुंडाळत होते तेव्हा एका अनोळखी मुलानेही विचारलं. सूर बहुतेकदा असा, की चांगलं ते स्वतःकडे ठेवून मी दुसऱ्याच्या गळ्यात हलकं बांधतेय. "शिकताना तेवढी पुरते," म्हणून मी विषय संपवते. ते खरं आहे, पण तेवढंच नाही.

आधी त्या पस्तीस हजारांच्या इलेक्ट्रिक गिटारीबद्दल. ती हलकी नाही, नीट पारखून घेतली तर. गिटार उचलून तिच्या डोक्याकडून, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाकडून, मानेच्या कडेवर नजर टाका, मान पिळलेली असेल तर लगेच दिसते. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट, म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, वाजवा. बाराव्या फ्रेटवर दाबून येणारा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून येणारा सूर) ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, जुळतात का ते बघा. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई, दोन्ही बाजूंना फिरतो का, हे दुकानदाराला करून दाखवायला सांगा. फ्रेटच्या टोकांवरून बोट फिरवा, टोचली तर सोडून द्या. यातली एकही गोष्ट किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. दोन लाखांची गिटारही यात नापास होताना मी पाहिली आहे. आणि घेतल्यावर दोन-तीन हजार बाजूला ठेवून सेटअप, म्हणजे मान आणि तारांची उंची नीट जुळवणं, करून घ्या. त्यात कोणी काटकसर केली की मला राग येतो, कारण मग मूल म्हणतं "बोटं दुखतात" आणि घरचे म्हणतात "याला आवड नाही".

घाट कुठला, तर सपाट डोक्याची आणि स्क्रूंनी जोडलेल्या मानेची. १९५४ साली लिओ फेंडर यांच्या कंपनीने स्ट्रॅटोकॅस्टर आणली ती अशीच होती. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, स्वतः गिटार वाजवत नसत. मान बिघडली तर चार स्क्रू काढा, दुसरी बसवा, हा त्यांचा हिशोब. आपल्या पुण्यातल्या तपकीर गल्लीत रेडिओ उघडून बसणाऱ्याने गिटार बनवायला घेतली असती तर त्यानेही हेच केलं असतं असं मला नेहमी वाटतं.

माझी गिटार त्या घाटाची नाही. मान महोगनीची, धडात चिकटवलेली, आणि डोकं सतरा अंशांनी मागे झुकलेलं. मान आणि डोकं एकाच लाकडातून कापल्यामुळे झुकावापाशी लाकडाचे धागे तुटक होतात, आणि नेमक्या त्याच जागी ट्रस रॉडसाठी खाच कोरलेली असते. सहा तारांचा मिळून चाळीस किलोंच्या वरचा ताण दिवसरात्र त्या जागेवर. या घडणीच्या गिटारी तिथे मोडतात हे वाजवणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. मलाही घेतानाच माहीत होतं. तरी पुढे कितीतरी वर्षं मी "घडणच तशी असते हो" म्हणत राहिले, जणू मला ती कोणी बळजबरीने दिली होती.

२०११ मध्ये घेतली, तीन वर्षं पगारातून साठवून. तेव्हाच्या मला वाटायचं, एवढे पैसे मोजले म्हणजे काळजी घेऊन झाली. हार्ड केस जड म्हणून माळ्यावर गेली आणि गिटार पातळ कापडी बॅगेत, पाठीला लावून, ॲक्टिव्हावरून पुणंभर फिरली.

२०१६ च्या मे महिन्यातल्या एका रविवारची दुपार. भाऊ-वहिनी आमच्याच वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. भाचा नऊ वर्षांचा होता, रोज वर यायचा. ई मायनर ही कॉर्ड (सुरांची जुळणी) त्याला येत होती, जी मेजर धरताना करंगळी पोचत नव्हती. मी वाजवत बसले होते आणि बेल वाजली. गिटार ॲम्पला, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, टेकवून ठेवली, दोन मिनिटांसाठी. स्टँड खोलीतच होता, चार पावलांवर. मी दाराशी कुरिअरवाल्याला सही देत होते. भाचा मागून मला काहीतरी सांगायला धावत आला आणि त्याचा पाय केबलमध्ये अडकला.

आवाज मोठा नव्हता. वाळलेली शेवग्याची शेंग मोडावी तेवढाच. पण ॲम्प चालू होता, त्यामुळे सहाही तारा एकदम सैल पडल्याचा एक घोगरा, खाली खाली जाणारा सूर खोलीभर झाला. डोकं मानेपासून उलटं दुमडून नुसतं तारांना लोंबत होतं.

मी त्याला म्हणाले, "काही कळतं का तुला? परत हात लावायचा नाही." त्याने हात लावलाच नव्हता. तो काय सांगायला धावत आला होता, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. आवाज ऐकून वहिनी वर आली, तिने त्याला सगळ्यांसमोर झापलं. मी तिला थांबवलं नाही.

त्या दिवशी एक गोष्ट बरोबर केली. तारा पूर्ण उतरवल्या, ढलप्या वेचून काडेपेटीत ठेवल्या आणि घरातला कुठलाही गोंद लावला नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं जरूर पाळा, चुकीचा गोंद एकदा आत गेला की पुढच्या कारागिराला आधी तो खरवडत बसावं लागतं. पुढचे आठ महिने गिटार पलंगाखाली होती. एका दुकानात "आता भिंतीवर लावा" असं सांगितलं होतं. कोणी विचारलं की मी म्हणायची, "भाच्याने पाडली." किती जणांना म्हणाले असेन, मोजलेलं नाही. तो समोर असतानाही म्हणाले आहे.

मग कोणीतरी पेठेतल्या एका काकांकडे पाठवलं. मूळचे मिरजेचे, आयुष्यभर सतारी आणि तंबोऱ्यांचं काम केलेलं. इलेक्ट्रिक गिटार त्यांनी त्याआधी उघडली नव्हती. त्यांनी ती खिडकीत नेली, भेग दोन्ही अंगठ्यांनी हळूच उघडली आणि बराच वेळ बघत राहिले.

"ताई, ही सगळी भेग एका दिवसाची नाही."

मला दाखवलं. बरीचशी जागा ताज्या लाकडाची, उजळ, कुसळं उभी असलेली. पण एका कडेची पट्टी काळपट, गुळगुळीत. "इथे हात फिरतो तुमचा. त्याचा मळ आत गेलाय. हिला जायचंच होतं, पोरगं निमित्त झालं."

ती पट्टी मला ओळखीची होती. गिटार मोडण्याच्या दोन वर्षं आधी पार्किंगमध्ये गाडी स्टँडवरून कलंडली होती आणि बॅग भिंतीवर आपटली होती. घरी येऊन पाहिलं तर नटच्या, म्हणजे डोक्यापाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागे केसासारखी एक रेघ दिसली. पॉलिशला तडा गेला असेल असं ठरवून मी तारा सुरात लावल्या आणि वाजवायला बसले. रेघ मी पाहिली होती. हे लिहिताना अजूनही जड जातं.

काकांनी सरस गरम करून भरला, साच्याचे दोन ठोकळे तासून सांधा शिकंज्यात आवळला आणि तीन दिवस हात लावू दिला नाही. नीट बसलेला सांधा शेजारच्या लाकडाइतकाच भक्कम असतो, कधी जास्तच. नऊ वर्षं झाली, सांधा हललेला नाही. विकायला गेले तर निम्मी किंमतही येणार नाही, म्हणून "विकून नवी घ्या" हा सल्ला कृपा करून देऊ नका.

आता ती हार्ड केसमध्येच असते, घरातसुद्धा. केसमध्ये आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर आहे. पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के हवेत, आणि पुण्यात ते आपोआप कधीच नसतात. एप्रिलच्या दुपारी लाकूड आकसतं, मान सरळ होत मागे जाते, तारा फ्रेटवर घासून झणझणतात. तेव्हा भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंज ठेवते. जुलैत लाकूड फुगतं, तारा उंच होतात, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवायचा आणि एक दिवस थांबायचं. फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं टेकायची पट्टी, शिसवीचा आहे, आजीचं कपाट असतं त्याच लाकडाचा, त्याला वर्षातून दोनदा तेलाचे चार थेंब पुरतात. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या. नटच्या मागची ती जागा मी दर आठवड्याला बॅटरी लावून बघते.

म्हणजे महाग घेऊ नका असं मी सांगतेय का? तसंही नाही. या गिटारीवर दुसरी तार वर ओढून धरली की सूर ज्या जाडीने थांबून राहतो, तो मला दुसऱ्या कुठल्या गिटारीत सापडलेला नाही. सव्वीस वर्षांच्या मला आज कोणी विचारलं तर तीच घे म्हणेन, की सपाट डोक्याची घे आणि उरलेले पैसे बँकेत ठेव म्हणेन, हे माझं मलाच अजून ठरवता येत नाही. तुमच्या मुलीला पस्तीस हजारांची सांगते, कारण तुमच्या घरातही बेल वाजणार आहे, केबल जमिनीवर असणार आहे आणि धावणारं लहान मूल असणार आहे.

भाच्याला मी खरं सांगितलं, पण गिटार दुरुस्त होऊन आल्यावर चार महिन्यांनी. तो अभ्यास करत होता. "बरं," म्हणाला. सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं, ते वहिनीपुरतंच सांगितलं. गिटार त्याने परत धरली नाही. आता अठराचा आहे, पथकात ताशा वाजवतो, फार चांगला वाजवतो. गेल्या वर्षी मी तो विषय पुन्हा काढला तर म्हणाला, "आत्या, मला ते आठवतही नाही."

तो अजूनही माझ्या खोलीत येतो. येताना खाली जमिनीकडे बघत, पाय उचलून टाकत येतो.