तुम्ही विचारलंत म्हणून : वाटेत ग्वाल्हेरला का उतरलो?

"मोपाच्या विमानतळावर विमानात बसलात की अडीच तासांत दिल्ली, मग तुम्ही दोघे दोन-दोन रात्री स्लीपरच्या डब्यात का काढता, आणि वर मध्येच ग्वाल्हेरला कशाला उतरता?" हा प्रश्न मला इथे गोव्यात म्हार्दोळच्या देवळाच्या आवारात विचारला गेला आहे, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे आणि गेल्या महिन्यात तर दंतवैद्याच्या खुर्चीतही विचारला गेला. तिथे तोंड उघडे असूनही उत्तर देता येईना, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

आमची मुलगी दिल्लीजवळ नोकरीला आहे आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की आम्ही दरवर्षी तिच्याकडे जातो. ती विमानाची तिकिटे पाठवायला तयार असते. स्लीपरने पैसे वाचतात हे खरेच आहे आणि ते मी नाकारणार नाही. परंतु तेवढ्यासाठी या वयात मधल्या बर्थवर चढण्याची कसरत कोणी करणार नाही. ज्या गावी आपण मुद्दाम कधीच जाणार नाही, ते गाव गाडीच्या वाटेवर पडते, हे माझे खरे कारण आहे. फोंडा तालुक्यातला माणूस केवळ ग्वाल्हेर पाहण्यासाठी घराबाहेर पडल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

उतरण्याची ही सोय रेल्वेच्या नियमांतच आहे, आणि ती अनेकांना माहीत नसते. तिकीट ५०० किलोमीटरांपेक्षा लांबचे असेल, तर पहिले ५०० किलोमीटर ओलांडल्यावर वाटेतल्या एका स्थानकावर, येण्याचा आणि निघण्याचा दिवस वगळून, दोन दिवसांपर्यंत थांबता येते. १००० किलोमीटरांपुढच्या तिकिटावर असे दोन थांबे घेता येतात. राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांना ही सवलत नाही. पुढच्या टप्प्याचेही आरक्षण हवे असेल, तर तिकीट काढतानाच थांब्याचे गाव सांगावे लागते आणि उतरल्यावर स्थानकावर तिकिटावर शेरा मारून घ्यावा लागतो. मी पहिल्यांदा खिडकीवर हे सांगितले, तेव्हा आतल्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी सवलतीत हत्ती मागत होतो. पण त्यांनी नियम काढून पाहिला आणि तिकीट दिले. हल्ली आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा तारीख लक्षात ठेवावी. स्त्रियांना ४५ वर्षांनंतर आणि पुरुषांना साठीनंतर खालच्या बर्थसाठी प्राधान्य असते. पत्नीला तो मिळतो. मला अजून साठीची वाट पाहायची आहे.

आम्ही मडगावला गोवा एक्सप्रेसमध्ये चढतो. एसीच्या डब्याविषयी माझी एकच तक्रार आहे, ती म्हणजे त्याची काच उघडत नाही, आणि घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्थानकानंतर काच उघडी असणे फार महत्त्वाचे असते. कुळ्याला गाडीला जादा इंजिने जोडतात, ज्यांना रेल्वेची माणसे 'बँकर' म्हणतात, कारण तिथून कॅसलरॉकपर्यंतचा घाट जागोजागी दर ३७ मीटरला एक मीटर चढत जातो. गाडीचा वेग इतका उतरतो, की रुळांलगतच्या नेच्याची पाने एकेक करून दिसू लागतात. बोगद्यात शिरली, की डब्यात ओल्या दगडाचा आणि डिझेलचा वास भरतो. आणि मग दूधसागर येतो. ३१० मीटर उंचीचा तो धबधबा चवथीनंतरच्या दिवसांत अजून भरात असतो, आणि पुलावरून जाताना त्याचे तुषार खिडकीतून आत येऊन मांडीवरच्या डब्यातल्या चपात्यांवर पडतात. माझे वडील सांगत, की गोवामुक्तीपूर्वीच्या काळी याच वाटेवर कुळ्याला पोर्तुगिजांची आणि कॅसलरॉकला पलीकडची झडती होई, आणि माणसे कागदपत्रे छातीशी धरून बसत. त्यानंतरही कित्येक वर्षे हा लोहमार्ग मीटर गेजचा, म्हणजे अरुंद रुळांचा, होता आणि मिरजेला उतरून दुसरी गाडी धरावी लागे.

बेळगावला रात्र पडलेली असते. तिथे सुटीवरून परतणारा एक जवान आमच्यासमोर बसला. पत्नीने डबा उघडून त्याच्यापुढे खाजे धरले. गूळ, आले आणि तीळ लावलेली ती बेसनाची कांडी त्याने आधी नाकाशी नेऊन हुंगली, मग तोंडात टाकली, आणि आणखी दोन कांड्या कागदात गुंडाळून खिशात ठेवल्या. सुंगटांचा किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची कोशिंबीर, मात्र मी गाडीत नेत नाही, कारण एका वर्षी त्याच्या वासाने पुण्यापर्यंत सगळा कंपार्टमेंट जागा राहिला होता.

दुसरा दिवस कंटाळवाणा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मनमाड, भुसावळ, इटारसी करत गाडी उन्हातून जात राहते, पंखे गरम वारा फिरवतात, मधला बर्थ सकाळी सहाला खाली पाडल्यामुळे पाठ टेकायला जागा उरत नाही, आणि चार वेळा चहा पिऊनही वेळ सरत नाही. नर्मदेच्या पुलावर पत्नी हात जोडते, तेवढाच काय तो दिवसभरात एक क्षण. ज्यांच्या पाठीला किंवा गुडघ्यांना हे मानवणार नाही त्यांनी खुशाल विमानाने जावे. मी आग्रह करणार नाही.

ग्वाल्हेरला गाडी रात्रीच्या अडनिड्या वेळी पोचते. आम्ही ज्या लॉजवर आधी कळवून ठेवले होते, त्याचे शटर बंद होते आणि ते वाजवून वाजवून शेवटी समोरचा चहावाला जागा झाला, लॉजवाला नाही. ती उरलेली रात्र आम्ही प्रतीक्षालयात काढली. सकाळी शहरात शिरलो, तेव्हा पहिली गंमत पाट्यांनी केली. शहराच्या एका भागाचे नावच लष्कर आहे, कारण दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ तिथे पडला होता, आणि मुख्य चौकाला महाराज बाडा म्हणतात. वाड्याचा बाडा झालेला पाहून मला, हद्द ओलांडली की 'व' चा 'ब' होतो, हे शाळेतले वाक्य आठवले. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे; १८५८ च्या जूनमध्ये त्या इथे पडल्या. तिथे आम्ही काही न बोलता उभे राहिलो.

माझ्यापुरते ग्वाल्हेर म्हणजे मात्र गाणे. लहानपणी आमचे पेटीचे मास्तर ग्वाल्हेरचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तिकडची गायकी महाराष्ट्रात आणली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि त्याच परंपरेतल्या परीक्षांना गोव्यातली आम्ही मुले दरवर्षी घाबरत बसत असू. तानसेनाच्या कबरीजवळ चिंचेचे झाड आहे, ज्याचा पाला चघळला की गळा गोड होतो अशी समजूत आहे. मी एक पान चघळले. परिणाम अद्याप जाणवलेला नाही.

किल्ल्यावर राजा मानसिंह तोमराच्या महालाच्या भिंतींवर निळ्या टाइलांतले हत्ती आणि पिवळी बदके आहेत, ती सर्वांनाच आवडतात. पण आम्ही सर्वांत जास्त वेळ उभे राहिलो ते चढावर, एकाच खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरापाशी. इसवी सन ८७६ चा एक लेख त्याच्या भिंतीवर आहे आणि त्यात शून्य कोरलेले आहे, आज आपण लिहितो तसेच लहान, गोल. लेखात देवाच्या फुलबागेचे माप दिले आहे, १८७ हात बाय २७० हात, आणि त्या बागेतून देवाला रोज ५० माळा मिळाव्यात अशी व्यवस्था लावलेली आहे. दोनशे सत्तरमधले शून्य आणि पन्नासमधले शून्य मी रखवालदाराकडून बोट ठेवून दाखवून घेतले.

पत्नीला शून्याचे काही वाटले नाही. ती म्हार्दोळची, जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या गावची. तिने रखवालदाराला विचारले, "भैया, माळा कसल्या फुलांच्या?" त्याला ते ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी फलाटावर दिल्लीच्या गाडीची वाट पाहत असताना तिचा हिशेब चालूच होता: जायांच्या माळा असतील तर एका माळेला निदान शंभर कळ्या, म्हणजे रोजच्या पाच हजार, आणि कळ्या संध्याकाळी उमलण्याआधीच खुडाव्या लागतात, तेव्हा एवढ्या बागेला बायका किती लागत असतील. गाडीची घोषणा झाली तेव्हा ती वीस बायकांपर्यंत आली होती.