तपासनीस नसलेली बंदी

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते म्हटले की प्रश्न ठरलेला असतो: जैविक अस्त्रांवर १९७२च्या कराराने बंदी आली, पण ती पाळली जाते का हे तपासणारे कोणीच नाही, तर मग त्या कागदाचा उपयोग काय? विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते, म्हणून मी आजवर विषय बदलत आले. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

एप्रिल १९७९मध्ये सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क शहरात एका लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंचे बीजाणू हवेत सुटले आणि वाऱ्याच्या दिशेतील एका अरुंद पट्ट्यात साठाहून अधिक माणसे दगावली. सरकारने दोष दूषित मांसावर ढकलला. रुग्णालयातील कागदपत्रे केजीबीने उचलून नेली, परंतु फाइना अब्रामोव्हा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी ऊतींचे नमुने जपून ठेवले होते. त्यांत छातीतल्या लसिका ग्रंथी रक्तस्रावाने नासलेल्या दिसतात, म्हणजे जंतू श्वासावाटे शिरले होते. मांसाची कथा तिथेच कोसळते. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी लष्कराचा दोष मान्य केला तो १९९२मध्ये. कराराची मूळ प्रत ज्या तीन देशांकडे सोपवलेली होती, त्यांतलाच हा एक देश होता.

हे वर्गात सांगताना मी पूर्वी ठासून म्हणत असे की तपासनीस असते तर हे घडलेच नसते, आणि २००१मध्ये या करारासाठीचा तपासणीचा मसुदा अमेरिकेने फेटाळला तेव्हा माझा राग मुलांपासून लपला नव्हता. रासायनिक अस्त्रांच्या कराराला तपासणी करणारी हेगची संघटना आहे. भारताने आपला घोषित साठा तिच्या देखरेखीखालीच २००९पर्यंत नष्ट केला. मात्र रसायनांचा साठा मोजता येतो. लस बनवणारे किण्वनपात्र, म्हणजे जंतू वाढवायची टाकी, अस्त्रासाठीचे जंतूही वाढवते, आणि कुपीभर जंतूंपासून काही दिवसांत पुन्हा हवे तेवढे मिळतात. तेव्हाची मी यावर म्हणेल, ‘म्हणून पाहायचेच नाही का?’ तिला मी अजून गप्प करू शकलेले नाही.

तरीही ‘निरुपयोगी’ हा शब्द मला मान्य नाही. बंदी नसती तर सोव्हिएत सरकारला इतकी वर्षे मांसाची कथा रचत बसण्याचे कारणच नव्हते. यावर कोणी विचारील की त्या साठ जणांना याचा काय फायदा झाला. काहीच नाही. आणि आजही एखाद्या देशाविरुद्ध तक्रार करायची तर ती सुरक्षा परिषदेकडेच जाते, जिथे नकाराधिकार असलेला आरोपी स्वतःच बसलेला असू शकतो.