बांधावर काड्या नव्हत्या

भरीत चांगलं झालं होतं. सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं. तरी अकरा वाजून गेले आणि डोक्यातून जात नाही: काड्या नव्हत्या.

ऑक्टोबरचं ऊन ओसरलं, दिवाळी झाली की शेतातलं पहिलं भरीत. त्यासाठी गेल्या सालच्या कपाशीच्या काड्या पावसाळाभर गोठ्याच्या पत्र्याखाली रचलेल्या असायच्या. आज आबांनी बाभळीची लाकडं पुढे केली. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, तेही कळत नाही.

बाभळीचा निखारा वाईट नव्हे, पण तो खालूनच भाजतो. कपाशीची काडी बोटाएवढी, कोरडी ठणठणीत. पेटली की भडकते, वांग्याला चहूबाजूंनी जाळ लागतो, साल काळी होऊन सुटते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो. निखाऱ्यावर खालची बाजू करपेपर्यंत देठाकडचं कच्चंच राहतं. आज तेच झालं. कुणाच्या लक्षात आलं नसेल, मला प्रत्येक घासाला जाणवत होतं.

वांगी मात्र मनासारखी. जळगावकडच्या बामणोदची, फिकट हिरवी, पांढरट रेघांची, एकेक पाव-अर्धा किलोचं. हातावर तोलून, आकाराच्या मानाने हलकं लागेल तेच घ्यायचं. जड वांग्यात बिया भरलेल्या. भाजण्याआधी सुरीने दोन टोचे मारायचे, नाहीतर जाळात फुटतं. साल गरम असतानाच काढायची, बोटं पाण्यात बुडवत. वांगं पाण्याखाली धरलं की धुराचा वास गेलाच. मग चाळणीत दहा मिनिटं निथळू द्यायचं आणि बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायचं. मिक्सरमध्ये बिया फुटतात, गराचा चिकट लगदा होतो. दोन किलो वांग्यांना तीसेक हिरव्या मिरच्या, लसणाचे दोन गड्डे, मूठभर अख्खे शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, वाटीभर तेल. हळद नाही, लाल तिखट नाही. कांद्याची पात कच्चीच, अगदी शेवटी. वहिनींचा भाकरीचा कळणा नेहमीसारखा: चार किलो ज्वारीला किलोभर उडीद सालासकट, मीठ दळतानाच.

काकूंचं वांगं चंपाषष्ठीपर्यंत वर्ज्य. मुळा आणि भाकरी घेऊन त्या आमच्यातच बसल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांच्या शेजारी... असो.

पुन्हा काड्याच. डिसेंबरात वेचणी संपली तशी आबांनी फरदड, म्हणजे त्याच झाडांचं पुढचं पीक, न घेता काड्यांचा भुगा करणारा श्रेडर फिरवला, सगळं मातीत. ऐकल्यावर आधी वाटलं, मला विचारलं का नाही? दोन भारे तरी ठेवायचे. आता शांतपणे लिहिताना दिसतं की ते दोन भारेच नको होते. काडीला न उमललेली बोंडं चिकटून राहतात, गुलाबी बोंडअळी त्यांत झोपून उन्हाळा काढते, पाऊस पडला की पतंग होऊन नव्या पात्यांवर, म्हणजे कळ्यांवर, आणि फुलांवर जाते. 2017 साली वरून धडधाकट दिसणारं बोंड फोडलं की आत कापूस पिवळा पडलेला, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्यामध्ये अळी. त्या हंगामात आबांचा चेहरा बघवत नव्हता. ज्या ढिगाची मला आज इतकी आठवण येते, तो गोठ्याखाली अळीच सांभाळत होता.

तरी वाईट वाटतंय ते वाटतंयच. त्या जाळाचा चटचट आवाज, त्याचा तो वास. बाभळीचा धूर वेगळा. हाताला अजून येतोय.

तूर जानेवारीत निघेल. तुराटीही बारीक, तशीच भडकते, आणि ही अळी तुरीवर जगत नाही. चांगल्या वाळल्या की चार भारे पत्र्याखाली ठेवा, असं उद्या सकाळी आबांना सांगतो. वांगी फेब्रुवारीपर्यंत मिळतात. देठाकडचं शिजतं का, तेव्हा बघू.