डाव्या चाकाची कमान

१९६८ साली डॉजने एक गाडी विकायला काढली होती. ती रस्त्यावर चालवण्यासाठी बनवलेली नाही, अशी सूचना कंपनीनेच तिच्यावर चिकटवलेली असे. बाहेरून ती डार्ट, म्हणजे अमेरिकेत शाळामास्तरांनी हप्त्यांवर घ्यायची तसली साधी दोन दारांची गाडी. बॉनेटखाली मात्र ४२६ घन इंचांचं, जवळजवळ सात लिटरचं हेमी (म्हणजे अर्धगोल दहनकक्षांचं) इंजिन. काम एकच, पाव मैलाचा सरळ पट्टा शक्य तितक्या लवकर कापायचा. ज्याला हे करायचं आहे त्याने शोरूममध्ये पैसे भरावेत, गाडी घरी न्यावी आणि पुढचं आपलं आपण बघावं, असा सगळा व्यवहार.

वजन कमी करण्यासाठी कंपनीने जे केलं ते वाचताना हसू येतं, पण हात लावल्यावर दाद द्यावीशी वाटते. पुढचे फेंडर आणि बॉनेट फायबरचे. दारांचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून पातळ केलेला. मागची सीट गायब, पुढच्या सीटा डॉजच्याच ए-१०० व्हॅनमधून उचललेल्या. हीटर नाही, रेडिओ नाही. दारांच्या काचा जेमतेम दोन मिलिमीटरच्या, कॉर्निंग कंपनीच्या. (याच कॉर्निंगच्या साठच्या दशकातल्या संशोधनातून पुढे आपल्या मोबाइलवरची गोरिला ग्लास आली.) काच खालीवर करायला हँडलच नाही, पट्टा धरून ओढायची. बॅटरी डिकीत, म्हणजे मागच्या चाकांवर भार येतो. कारखान्यातून अर्धवट निघालेल्या या गाड्या डेट्रॉइट परिसरातल्या हर्स्ट कंपनीकडे जायच्या आणि बाकीचं तिथे उरकलं जायचं. अशा साधारण ८० डार्ट आणि डॉजच्याच भावंड कंपनीच्या, प्लिमथच्या, बॅराकुडा साधारण ७० निघाल्या. शर्यतींत बॅराकुडावर रॉनी सॉक्सने नाव कमावलं, डार्टवर डिक लँडीने.

मी मिशिगनमधल्या एका लहान वर्कशॉपमध्ये अशा जुन्या रेसच्या गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. बालपण कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरच्या आवाजात गेलं, त्यामुळे पत्र्याची ठोकाठोकी कानाला नवी नव्हती. इंजिनिअर म्हणून इथे आलो, काही वर्षं कॉम्प्युटरवर बंपर काढले आणि मग हातोडी धरली. आईला अजून वाटतं की ही नोकरी तात्पुरती आहे.

ही डार्ट आमच्याकडे आली ती लाल रंगात, आरशासारखी चकचकीत. मालक ओहायोचे, टूल-अँड-डाय कारखान्यातून निवृत्त झालेले, म्हणजे हजारांश इंचावर आयुष्य काढलेला माणूस. त्यांची मागणी दुहेरी होती. मूळ गाडी कारखान्यातून निघाली तशी करून द्यायची. ती ते जपून ठेवणार. आणि तिच्यावरून दुसरी डार्ट बांधायची, ती ते पट्ट्यावर पळवणार. यात गैर काही नाही. आज हेमीच्या गटात धावणाऱ्या डार्ट आणि बॅराकुडांपैकी बऱ्याचशा अशाच साध्या गाड्यांवर नंतर बांधलेल्या आहेत. खरी गाडी भिंतीवर आपटण्याची हिंमत आता कुणाची होणार?

मूळ गाडी खरीच असल्याची खात्री आधी करून घेतली. डॅशबोर्डवरच्या पाटीवरचा चेसिस नंबर 'एल-ओ-२३-एम-८-बी' असा सुरू होत होता. 'एल' म्हणजे डार्ट, 'ओ' म्हणजे सुपर स्टॉक हा रेसचा गट, '२३' म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, 'एम' म्हणजे खास मागणीचं इंजिन, '८' हे साल आणि 'बी' म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. नकलेसाठी आणलेली बॉडी 'एल-एच-२३-बी' होती, म्हणजे सहा सिलिंडरची डार्ट २७०. त्या गाडीने आयुष्यभर वाणसामान वाहिलं असणार.

सांगायचा दिवस उगवला तोवर नकलेचं बॉडीचं काम बरंच पुढे गेलं होतं आणि मूळ गाडीचा मागचा भाग आम्ही नुकता उघडायला घेतला होता. या डार्टला मागे स्लिक म्हणजे बिननक्षीचे रुंद रेसिंग टायर बसावेत म्हणून मागच्या चाकांवरच्या कमानी कापून मोठ्या केलेल्या असतात. मी डाव्या बाजूला वॉटर पेपर घेऊन बसलो. लाल रंग निघाला, त्याखाली लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुटीचा, चांगला जाड थर. तो उतरवल्यावर निळा रंग लागला आणि त्यावर हाताने रंगवलेल्या अक्षरांचे पिवळट माग दिसले. कुठल्यातरी डीलरचं नाव असावं, शेवटची तीन अक्षरं तेवढी लागत होती. त्याच्याही खाली कारखान्याचा करडा प्राइमर. आणि कमानीची कड! डब्याचं झाकण बोथट ओपनरने उघडल्यावर निघते तशी, वरखाली झालेली. आतल्या बाजूला ती हातोडीने दुमडलेली, प्रत्येक घावाचा खळगा बोटाला लागत होता. कापल्यावर उघड्या पडलेल्या पत्र्यावर कुणीतरी घाईघाईत थोड्या वेगळ्या छटेचा प्राइमर फासला होता आणि तो निळ्या रंगाच्या खाली होता. म्हणजे हे काम पहिल्या मालकाने गाडी रंगवण्याच्या आधीचं.

टेप लावला. उजव्या कमानीशी ताडून पाहिलं तर पुढच्या टोकाला जवळजवळ पाऊण इंचाचा फरक.

मी खूश! बॉस आला, गुडघ्यावर बसला, चष्मा कपाळावर सरकवून त्याने कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "याला कुणी हात लावायचा नाही."

दुपारी मालक आले. योगायोगाने नक्कल बाजूच्याच स्टँडवर उभी होती, तीही बिनरंगाची. तिच्या कमानी आमच्या वर्कशॉपमधल्या पोराने साचा करून कापलेल्या. तिला पळायचं आहे, टायर दोन्हीकडे सारखा सुटा फिरायला हवा, म्हणून डावी-उजवी तंतोतंत जुळवलेली. मालक आधी नकलेपाशी गेले, कडेवरून हात फिरवला, चेहरा खुलला. मग मूळ गाडीपाशी आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी नकलेकडे बोट दाखवून म्हणाले, "हिची पण तशी करा."

नकलेवरून अस्सल सुधारायची! मला हसू आवरेना, पण समोरचा माणूस गंभीर होता आणि त्याची बाजूही ऐकून घेण्यासारखी होती. त्याचं म्हणणं, एवढे पैसे मोजून मी वाकडी गाडी का घेऊ? लोक बघतील ते तुमच्या वर्कशॉपचं वाकडं काम समजतील. ज्याने चाळीस वर्षं डाय घासून सरळ केल्या त्याला पाऊण इंच म्हणजे कानफटात मारल्यासारखं.

मी त्यांना आतल्या बाजूचे घाव दाखवले. म्हटलं, हे ज्याने केलं त्याच्यापुढे गाड्यांची रांग होती, रेसचा हंगाम डोक्यावर होता. दहा-अकरा सेकंदांत संपणाऱ्या शर्यतीला कमान सारखी असून काय उपयोग? त्या काळातल्या अशा सगळ्याच गाड्यांची हीच तऱ्हा. १९६३ची पाँटिअॅक कॅटलिना घ्या, वजन कमी व्हावं म्हणून तिची चेसिस भोकं पाडून चाळणी केली होती. अशा १४च निघाल्या. १९६४च्या फोर्ड थंडरबोल्टला चार दिव्यांपैकी आतले दोन काढून त्या भोकांतून इंजिनला हवा दिली होती. यातलं काहीही 'नीट' करा, आणि मग जे उरतं ती फक्त एक जुनी गाडी.

त्यावर मालकांनी जो प्रश्न टाकला त्याने मात्र वर्कशॉप शांत झालं. अर्धवट हसत ते म्हणाले, "मग असं करू. बॉडी ही नवी चांगली आहे, पाटी तेवढी त्या गाडीची इकडे लावू."

बॉस एरवी गिऱ्हाइकाला दुखवत नाही. त्याने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, की चेसिस नंबरची पाटी इकडची तिकडे करणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, हा शब्द इथे दुसऱ्यांदा निघाला तर दोन्ही गाड्या आजच्या आज ट्रेलरवर चढतील. मालक वरमले. थट्टा होती म्हणाले. असेलही. पण या धंद्यात अशा थट्टेनेच पुष्कळ 'अस्सल' गाड्या जन्माला आल्या आहेत, म्हणून नकलेच्या बॉडीत आत तीन ठिकाणी आम्ही आमचा शिक्का ठोकतो. त्यातलं एक ठिकाण मालकालाही सांगत नाही.

संध्याकाळपर्यंत वाटाघाटी चालल्या. खरी पंचाईत माझीच होती, कारण 'कारखान्यातून निघाली तशी' या मागणीतच मेख होती. ही गाडी करड्या बॉडीत आणि काळ्या फायबरमध्ये घरी आली असणार, आणि लगेच कुणीतरी ती निळी करून त्यावर नाव रंगवलं. ती जगली ती निळ्या रंगात. करडा केला की ती अक्षरं गेली. मला विचाराल तर मी निळा ठेवला असता. पण गाडी माझी नाही, आणि लिलावात भाव करड्याला. उलट सत्तरच्या दशकात कुणीतरी तळाचा पत्रा कापून, वेल्डिंगचे गोळे सोडून, मागचा सांगाडा बदलला होता. तो काढायला मी एका शब्दानेही विरोध केला नाही. तो इतिहास नव्हता, धोका होता.

शेवटी ठरलं ते असं. डावी कमान आहे तशी राहील, घावांसकट. कडेवरचा तो वेगळ्या छटेचा प्राइमर जुळवून पुन्हा ब्रशनेच मारायचा. फायबरच्या फेंडरच्या फटी कमी-जास्त आहेत त्याही तशाच. अक्षरांचे फोटो आणि कागदावर ट्रेस काढून फाइलमध्ये. मालकांनी सही केली, पण जाताना डाव्या बाजूकडे बघायचं त्यांनी टाळलं.

वाकडं मुद्दाम वाकडं ठेवणं सरळ करण्यापेक्षा अवघड जातं. हात आपोआप कानस उचलतो. छटा जुळवायला पोराने किती नमुने केले ते त्यालाच ठाऊक, आणि प्रत्येक वेळी बॉस म्हणायचा, "फार छान झालंय, खराब कर."

पुढच्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनात परीक्षकाने 'मागच्या कमानी असमान' असं लिहून गुण कापले. मालकांचा फोन आला. आधी त्यांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. मग म्हणाले, त्या माणसाला अर्धा तास गाडीखाली झोपवून हातोडीचे घाव दाखवलेत, तरी ऐकत नाहीये, तू ते लांबी काढतानाचे फोटो ताबडतोब पाठव.