१८ पूर्ण होण्याआधी

बडोद्यात मी मानसिक आरोग्य आणि बौद्धिक दिव्यांगांच्या सेवांचं काम बघते. परवा दांडिया बाजारातल्या एक काकू आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत मुलाची शाळेची फाइल, आधार, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड. मुलगा तिशीचा, बौद्धिक दिव्यांग, आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेला. बँकेनं त्याची सही चालणार नाही म्हटलं, म्हणून काकूंना मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी हवी होती.

चिठ्ठीनं काम होत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आजारासाठी आहे, बौद्धिक दिव्यांगता त्यात येत नाही. तिच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. (दोन्ही असेल, तर दोन्ही दारं ठोठवावी लागतात.) मूल १८ चं झालं की आईवडीलही कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, कलेक्टरांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. हे कुणीतरी वेळेवर सांगायला नको का? माझा जीव तुटतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमाही कितीतरी घरांना ठाऊक नसतो.

काकूंचा अर्ज तिथंच बसून भरला. आता विशेष शाळांना पत्र लिहितेय: मूल सतरा वर्षांचं झालं की हा फॉर्म पालकांच्या हातात द्या.